सुवॉनचा तट आणि त्याचा जमाखर्च



दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल. तिच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटर अंतरावर सुवॉन हे शहर वसलेले आहे. ग्योंगी प्रांताचे हे मुख्य ठिकाण. लोकसंख्या बारा लाखांच्या घरात. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स या जगप्रसिद्ध कंपनीचे मुख्यालय याच शहरात आहे. साहजिकच रुंद रस्ते, उंच इमारती आणि वाहनांची अखंड वर्दळ हे सारे येथे आहेच. परंतु या आधुनिक नगराच्या ऐन मध्यभागी, टेकडीवरून उतरणारा, ओढा ओलांडून पुन्हा चढणीला लागणारा एक जुना तट प्रवाशाच्या नजरेस पडतो. या तटाचे नाव ह्वासोंग. त्याची लांबी पावणेसहा किलोमीटर भरते. सावकाश चालणाऱ्या माणसास पूर्ण फेरी घालण्यास अडीच-तीन तास पुरतात.

तटबंदीचे अप्रूप महाराष्ट्रातील माणसाला कोणी सांगावे? रायगड, राजगड, सिंधुदुर्ग यांसह मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले. उंची आणि दुर्गमता या कसोट्या लावल्या तर ह्वासोंग त्यांच्या पंगतीस बसणार नाही. ज्या पालदाल टेकडीवर तो चढतो, तिची उंची दीडशे मीटरही नाही. शिवाय मोठ्या लढाईत या तटाने शत्रूस रोखून धरल्याची कथाही कोणी सांगत नाही. तरीही १९९७ मध्ये त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. हा तट कोणी बांधला, कोणत्या गवंड्याने किती दिवस काम केले, त्यास किती मजुरी मिळाली, विटा किती लागल्या आणि दगड कोठून आला, याची पै-पैची नोंद झाली. ती नोंद छापली गेली. आणि दीडशे वर्षांनंतर युद्धात पडलेला तट त्याच नोंदीच्या आधारे पुन्हा उभा राहिला. सुवॉन पाहावयास जाणाऱ्याने हे ध्यानी घेतले, तर तेथील प्रत्येक दरवाजा त्यास अधिक काही सांगू लागेल.

एका पुत्राचे दुःख

या तटाचा आरंभ एका कौटुंबिक शोकांतिकेत आहे. १७६२ च्या उन्हाळ्यात कोरियाचा राजा योंगजो याने आपला पुत्र, युवराज सादो, यास तांदूळ साठविण्याच्या लाकडी पेटीत कोंडण्याची आज्ञा केली. आठ दिवसांनी पेटी उघडली तेव्हा सत्तावीस वर्षांचा युवराज मरण पावलेला होता. त्या शिक्षेमागे युवराजाचा मनोविकार किती आणि दरबारातील गटबाजी किती, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. आजोबांपुढे पित्याच्या जिवाची भीक मागणारा युवराजाचा मुलगा त्यावेळी अवघा दहा वर्षांचा होता. तोच पुढे १७७६ मध्ये जोंगजो या नावाने सिंहासनावर बसला.

नव्या राजाने राज्यारोहणाच्या दिवशीच आपण सादोचे पुत्र असल्याचे दरबारास ऐकविले. परंतु केवळ बोलून तो थांबला नाही. १७८९ मध्ये त्याने पित्याची समाधी राजधानीजवळून हलवून सुवॉनच्या जुन्या गावाशेजारी, ह्वासान टेकडीच्या पायथ्याशी नेली. तेथे समाधी झाली म्हणजे गाव उठणार हे उघड होते. गाव उठलेही. मात्र घरांचा मोबदला देऊन लोकांना पालदाल टेकडीच्या पायथ्याशी नवी वसाहत करून देण्यात आली, आणि व्यापाऱ्यांनी तेथे दुकाने थाटावीत म्हणून सरकारातून भांडवलही कर्जाऊ देण्यात आले. आजचे सुवॉन शहर म्हणजे या पुनर्वसित गावाचा विस्तार होय. धरणाखाली जाणाऱ्या गावांचे प्रश्न ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना या प्रकरणाचे मर्म वेगळे सांगावयास नको.

ती समाधी आजही पाहता येते. सुवॉनच्या दक्षिणेस, आता ह्वासोंग याच नावाच्या स्वतंत्र शहराच्या हद्दीत, पाइन वृक्षांच्या दाट राईत ती आहे. शेजारीच जोंगजो स्वतः चिरनिद्रा घेत आहे. जवळच योंगजु-सा हा बौद्ध मठ आहे. पित्याच्या आत्म्यास शांती लाभावी म्हणून राजाने १७९० मध्ये तो उभारला. राजघराणे कन्फ्यूशियसच्या शिकवणीचे आणि बौद्ध मठांकडे दुर्लक्ष करणारे असतानाही त्याने हे केले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आराखडा

नव्या गावास तट हवा, असे राजाच्या मनात आले. समाधीचे रक्षण व्हावे, राजधानीच्या दक्षिणेस एक बळकट ठाणे असावे आणि जुन्या सरदार घराण्यांच्या गटांपासून दूर आपले निष्ठावंत सैन्य ठेवता यावे, असे अनेक हेतू त्यामागे होते. राजपुत्र वयात आल्यावर त्याच्या हाती राज्य सोपवून आपण मातेसह येथे येऊन राहावे, असाही राजाचा विचार असल्याचे त्याच्या मातेच्या आठवणींवरून दिसते.

आराखड्याचे काम राजाने १७९२ मध्ये जोंग याक-योंग या तीस वर्षांच्या विद्वान अधिकाऱ्याकडे सोपविले. जोंग याक-योंग त्यावेळी नुकत्याच वारलेल्या वडिलांचे सुतक पाळीत घरी होता. पित्यासाठी शोक करणाऱ्या राजाने पित्यासाठी शोक करणाऱ्या अधिकाऱ्यास तटाचा आराखडा करावयास सांगितले, असा हा योगायोग. पुस्तकेही राजानेच पाठविली. चीनमध्ये १६२७ च्या सुमारास एका युरोपीय धर्मोपदेशकाने चिनी सहकाऱ्याच्या मदतीने युरोपातील यंत्रांची माहिती देणारा ग्रंथ सिद्ध केला होता. तोही त्यांत होता. त्याच्या अभ्यासातून जोंग याक-योंगने गोजुंगी हे भार उचलण्याचे यंत्र योजिले. लाकडी चौकटीत वर चार आणि खाली चार कप्प्या, दोन्ही बाजूंस रहाटासारखे दांडे आणि मधे लोंबकळणारा दगड, असे त्याचे स्वरूप. या यंत्राची प्रतिकृती सुवॉनच्या ह्वासोंग वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते आणि शाळकरी मुलांची तिच्याभोवती नेहमी गर्दी असते.

मार्गदर्शक पुस्तिका या यंत्राचे मोठे कौतुक करतात. त्यामुळे चाळीस हजार न्यांग वाचल्याचे राजाने म्हटल्याची नोंद खुद्द जोंग याक-योंगने केली आहे. न्यांग हे त्या काळचे चलन होय. मात्र बांधकामाच्या हिशेबात हे यंत्र एकच दिसते. तट लवकर उभा राहिला त्याचे श्रेय एका यंत्रास देणे सोपे असले तरी ते पुरते खरे नव्हे. साधे रहाट, नव्या धर्तीच्या हलक्या गाड्या, बैलांच्या जोड्या आणि वेळेवर मिळणारी मजुरी यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

वळण घेणारा तट

१७९४ च्या प्रारंभी कामास सुरुवात झाली. छे जे-गोंग या ज्येष्ठ मंत्र्याकडे सर्वाधिकार होते. आखणी होऊन निशाणे रोवली गेली, तेव्हा राजा स्वतः पाहणीस आला. उत्तरेकडील निशाणांची रांग वस्तीच्या अलीकडून जात असल्याचे त्यास दिसले. तट आखल्याप्रमाणे झाला असता तर काही घरे तटाबाहेर पडली असती आणि काही पाडावी लागली असती. आपले घर एकदा सोडून नुकतीच कोठे स्थिरावलेली ही माणसे. राजाने आखणी बदलण्याची आज्ञा केली. तीन वेळा वाकवावा लागला तरी चालेल, पण तट घरांच्या पलीकडून न्यावा, असे त्याने सांगितले. त्यामुळे या तटाचा आकार ना गोल ना चौकोनी, तर विलोच्या पानासारखा लांबट आणि वळणावळणाचा झाला. आज उत्तरेच्या बाजूने फिरताना तट कारण नसता बाहेर झुकल्यासारखा वाटतो. त्या झुकावाचे कारण कोणतीही तांत्रिक गरज नसून तेथील घरे होती.

मजुरांविषयीचा निर्णय त्याहूनही मोलाचा म्हणावा लागेल. त्या काळी अशी कामे वेठीवर करून घेण्याची रीत होती. कोरियात तसे होई आणि आपल्याकडेही वेठबिगारीचा इतिहास जुना आहे. जोंगजोने मात्र वेठ नाकारली आणि कामावर येणाऱ्या प्रत्येकास रोजंदारी देण्याचे ठरविले. पाथरवट ६४२, सुतार ३३५, गिलावा करणारे २९५, याशिवाय लोहार, वीटकामगार, रंगारी असे अठराशेहून अधिक कारागीर या कामी राबले. हजेरीपटावर त्यांची नावे, गावे आणि कामाचे दिवस आहेत. अर्ध्या दिवसाचीही नोंद आहे. त्यांतील कित्येकांना नीटसे नावही नव्हते. ‘थोरला गडी’, ‘धाकटा गडी’ अशा अर्थाच्या नावांनीच गावात त्यांना ओळखीत. कारकुनांनी ती नावे जशीच्या तशी उतरवून घेतली. राजाच्या कामाच्या दप्तरात अशी नावे शोभतील काय, असा संकोच त्यांनी धरला नाही, हे बरे झाले.

१७९४ चा उन्हाळा कडक होता. ऊन बाधू नये म्हणून राजाने कामावरील माणसांसाठी औषधाच्या चार हजार गोळ्या पाठविल्या. त्याच वर्षी पाऊस लांबला, पिके बुडाली आणि दुष्काळ पडला. लोक अन्नावाचून हवालदिल असताना तटाचे काम चालू ठेवणे योग्य नव्हे, म्हणून काही महिने ते थांबविण्यात आले. काम थांबले म्हणजे मजुरी थांबणार, हाही विचार पुढे आला. तेव्हा तटाच्या उत्तरेस मानसोक-गो नावाचा तलाव खोदण्याचे काम निघाले. १७९५ मध्ये तो पुरा झाला आणि त्याच्या पाण्यावर सरकारी शेती सुरू झाली. नावाचा अर्थ ‘दहा हजार मापे धान्य’ असा काहीसा आहे. दुष्काळी कामांचा आणि रोजगार हमीच्या तलावांचा अनुभव असलेल्या वाचकांस हा सारा व्यवहार ओळखीचा वाटेल. १७९९ मध्ये पश्चिमेस छुंगमान-जे हा दुसरा मोठा तलाव झाला. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने छुंगमान-जेला २०१६ मध्ये आणि मानसोक-गोला २०१७ मध्ये सिंचनाचा वारसा म्हणून मान्यता दिली. आज त्यांच्या काठी नागरिक संध्याकाळी फिरावयास येतात. या शेतीच्या परंपरेमुळेच पुढे १९०६ मध्ये येथे कृषी संशोधनाचे केंद्र निघाले, आणि १९६२ पासून २०१४ पर्यंत दक्षिण कोरियाच्या ग्रामीण विकास प्रशासनाचे मुख्य कार्यालयही सुवॉनमध्येच होते.

तटाचे काम दहा वर्षे चालेल असा अंदाज होता. मधल्या खंडासह ते तीन वर्षांच्या आत, १७९६ च्या शरद ऋतूत पूर्ण झाले. एकूण खर्च ८,७३,५१७ न्यांग आणि वर १,५०० सोक धान्य; दगड सुमारे १,८७,६०० आणि विटा सुमारे ६,९५,०००.

दहा खंडांचे दप्तर

हे आकडे आज सांगता येतात ते एका ग्रंथामुळे. कोरियाच्या राजदरबारात विवाह, अंत्यविधी, मेजवानी, बांधकाम अशा प्रत्येक मोठ्या प्रसंगाचा सचित्र वृत्तांत लिहून ठेवण्याची प्रथा होती. या वृत्तांतास उईग्वे असे म्हणतात. ह्वासोंगच्या बांधकामाचा उईग्वे दहा खंडांचा आहे. त्यात राजाच्या आज्ञा आणि अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार आहे. प्रत्येक दरवाजा, बुरूज आणि मनोरा यांची बाहेरची व आतली चित्रे आहेत. यंत्रांचे भाग सुटे करून दाखविलेले आहेत. लाकूड, लोखंड, चुना, दोर यांचे भाव आणि ते कोठून आले याची माहिती आहे. आणि हजेरीपट तर आहेच. धातूच्या खिळ्यांनी हा ग्रंथ छापला गेला तो १८०१ मध्ये. तो पाहावयास राजा हयात नव्हता. १८०० च्या उन्हाळ्यात, वयाच्या ४८ व्या वर्षी त्याचे निधन झाले होते.

१८०१ हेच वर्ष जोंग याक-योंगला विपरीत गेले. ख्रिस्ती धर्माशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्यास हद्दपार करण्यात आले. राजाश्रय संपला होता. अठरा वर्षे तो दूरच्या प्रांतात राहिला आणि तेथे त्याने विपुल लेखन केले. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने कारभार कसा करावा, हाताखालच्या लोकांच्या लुटीपासून प्रजेस कसे राखावे, यावरील ‘मोंगमिन सिमसो’ हा त्याचा ग्रंथ त्याच काळातला. कोरियातील सरकारी अधिकारी आजही त्याचा दाखला देतात.

तटावरून फेरी

फेरीस आरंभ करावा तो दक्षिणेच्या पालदाल-मुनपासून. ‘मुन’ म्हणजे दरवाजा. मूळ बांधकाम टिकून राहिलेल्या दोन महादरवाजांपैकी हा एक. आज तो भर रस्त्यात, वाहनांच्या वेढ्यात एकटा उभा आहे. दोन्ही बाजूंचा तट शहराच्या वाढीत नाहीसा झाला आणि तेवढा भाग अद्याप जोडता आलेला नाही. दरवाजाच्या दगडी भिंतीवर काही अक्षरे कोरलेली आहेत. देखरेख करणारे अधिकारी आणि मुख्य पाथरवट यांची ती नावे. काम निकृष्ट झाले तर जबाबदार कोण, हे शोधण्यास चौकशी समिती नेमावी लागू नये, अशी ही तजवीज.

तेथून पायऱ्यांनी पालदाल टेकडी चढली की सोजांगदे ही सेनापतीची दुमजली सदर लागते. सारे शहर येथून दृष्टीच्या टप्प्यात येते. २००६ मध्ये मद्याच्या अमलाखालील एका इसमाने लावलेल्या आगीत तिचा वरचा मजला भस्मसात झाला. तो पुन्हा बांधण्यात आला. लाकडी वास्तूंना शत्रूच्या तोफेइतकेच एका काडीचे भय असते.

टेकडी उतरताच पश्चिमेचा ह्वासो-मुन येतो. हाही मूळचाच. त्यालगतचा पोकळ बुरूज लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. खाली दगड आणि वर वीट अशा बांधणीचा हा बुरूज आतून मजल्यांचा असून त्याच्या जंग्यांतून चोहोंकडे मारा करता येई. कोरियात तट बांधीत ते दगडाचे किंवा मातीचे. चीनच्या प्रवासाहून परतलेल्या विद्वानांनी विटेचा पुरस्कार केला आणि ह्वासोंगमध्ये तिचा मोठा वापर झाला. दगड आणि वीट यांचा येथे जो मेळ बसला आहे, तो कारागिरीच्या दृष्टीने या तटाचा सर्वांत सुंदर भाग होय.

पुढे उत्तरेचा जांगान-मुन. राजा राजधानीतून, म्हणजे उत्तरेकडून येई, म्हणून मुख्य दरवाजाचा मान याचा. कोरियातील सर्वांत मोठा महादरवाजा म्हणून तो ओळखला जातो. त्याच्यापुढे अर्धचंद्राकृती आडोशाची भिंत आहे. दरवाजावर थेट चाल करून येणाऱ्यास अडविण्यासाठी ती योजिलेली असते. पण आज दिसतो तो दरवाजा १७९० च्या दशकातला नव्हे. १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात जांगान-मुन आणि पूर्वेचा छांगन्योंग-मुन उद्ध्वस्त झाले, तटाचीही ठिकठिकाणी पडझड झाली. युद्धानंतरच्या दैन्यात माणसांना छप्पर नव्हते, तेथे दरवाजांची चिंता कोण करणार? १९७५ मध्ये जीर्णोद्धारास प्रारंभ झाला आणि १९७९ पर्यंत तटाचा बराचसा भाग पुन्हा उभा राहिला. काम करणाऱ्यांपुढे उईग्वेची पाने होती. तुळईची मापे, छपराची ठेवण, विटांची रचना यांसाठी त्यांना अंदाजावर विसंबण्याची फारशी गरज पडली नाही. जागतिक वारशाच्या यादीसाठी विचार झाला तेव्हा इतका भाग नव्याने बांधलेला असणे ही अडचण ठरू शकली असती. त्यावेळी या दप्तराचे बळ मोठे होते. २००७ मध्ये कोरियातील उईग्वे ग्रंथांनाही युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत स्थान दिले.

जांगान-मुनपासून थोड्या अंतरावर ओढ्यावरचा ह्वाहोंग-मुन आहे. हा पाणदरवाजा. सात कमानींतून पाणी खळाळत बाहेर पडते आणि वर खुला मंडप आहे. १९२२ च्या पुरात तो वाहून गेला व १९३२ मध्ये पुन्हा बांधला गेला. त्याच पुरात ओढ्याच्या दक्षिण टोकाचा नामसु-मुन गेला. त्यास मात्र २०१२ पर्यंत वाट पाहावी लागली. ह्वाहोंग-मुनशेजारच्या उंचवट्यावर बांगह्वासुर्यु-जोंग हा मंडप आहे. नाव लांबलचक असले तरी जागा अशी की प्रवाशाने घड्याळ विसरावे. खाली तळे, काठाला विलोची झाडे. हे मुळात टेहळणीचे ठाणे. त्यास इतके देखणे करण्याची काय गरज होती, असा प्रश्न एखाद्या काटकसरी लेखापरीक्षकाने विचारला असता! राजाचे मत असे होते की, तटाचे सौंदर्यही शत्रूचे मनोधैर्य खचविण्यास उपयोगी पडते.

पूर्वेकडील भाग लवकर उरकतो. सैनिकांच्या कवायतीचे मैदान, धनुर्विद्येचे ठिकाण आणि पूर्व दरवाजा पाहून झाला की बोंगदोन हा इशाऱ्याचा बुरूज लागतो. त्यावर विटांची पाच धुराडी आहेत. शांततेच्या काळी एक पेटवीत. संकट जवळ येईल तशी संख्या वाढे. तेथून उताराने नामसु-मुनपाशी आले की फेरी पुरी होते. समोरच बाजार आहे. सुवॉनची भाजलेल्या गोमांसाची बरगडी प्रसिद्ध आहे. ते वर्ज्य असणाऱ्यांसाठी तांदळाचे व भाज्यांचे पदार्थ मिळतात, पण विचारून घेणे बरे.

राजवाडा, इस्पितळ आणि शाळा

पालदाल टेकडीच्या पूर्व पायथ्याशी हेंगगुंग आहे. राजा राजधानीबाहेर पडला म्हणजे ज्या वाड्यात मुक्काम करी, त्यास हेंगगुंग म्हणत. अशा वाड्यांत हा सर्वांत मोठा. येथे ५७६ खण होते. १७९५ मध्ये येथे जो सोहळा झाला, तो कोरियाच्या इतिहासात अजोड मानला जातो. राजमाता ह्येग्योंग हिची साठी त्या वर्षी होती. युवराज सादो आणि ती एकाच वयाची. तो जगता तर त्याचीही साठी असती. राजा मातेस घेऊन आठ दिवसांच्या यात्रेस निघाला. हान नदीवर नावा जोडून पूल केला होता. मिरवणुकीच्या चित्रात १,७७९ माणसे आणि ७७९ घोडे मोजता येतात. वाड्यातील बोंगसु-दांग या दिवाणखान्यात मातेची मेजवानी झाली. दुसऱ्या दिवशी महाद्वारापाशी गोरगरिबांस धान्य वाटण्यात आले आणि नांगनाम-होन या सदरेत गावोगावच्या वृद्धांची पंगत बसली. वृद्धांपुढे आणि राजापुढे सारखेच पदार्थ वाढले होते, असे त्या प्रसंगाच्या उईग्वेत नमूद आहे.

१९१० मध्ये कोरिया जपानच्या अमलाखाली गेला आणि वाड्याचे दिवस फिरले. दिवाणखान्याच्या जागी इस्पितळ आले, अतिथिगृहात शाळा भरू लागलेली होतीच, इतर इमारती एकामागून एक पाडल्या गेल्या. देश स्वतंत्र झाला तरी इस्पितळ आणि शाळा तेथेच राहिली, कारण त्यांची गरज होती. १९८९ मध्ये इस्पितळाची नवी मोठी इमारत त्याच जागी बांधण्याचे घाटत होते, तेव्हा नागरिकांनी समिती स्थापून आग्रह धरला की इस्पितळ दुसरीकडे न्यावे आणि वाडा पुन्हा बांधावा. मागणी मान्य झाली. येथेही चित्रे आणि मापे उईग्वेतूनच मिळाली. पहिल्या टप्प्याचे काम होऊन २००३ मध्ये वाडा लोकांस खुला झाला. महाद्वारापुढे आता जुन्या युद्धकलांची प्रात्यक्षिके होतात.

त्या चळवळीत पुढाकार घेणाऱ्यांत सिम जे-दोक हे गृहस्थ होते. पुढे ते सुवॉनचे महापौर झाले आणि निराळ्याच कामासाठी जगभर ओळखले गेले. ते काम म्हणजे सार्वजनिक शौचालये. २००२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी परदेशी पाहुणे येणार, तेव्हा शहरातील शौचालये स्वच्छ, उजेडाची आणि सभ्य असावीत, असा ध्यास त्यांनी घेतला. तटाजवळच्या शौचालयांवरही तितकीच मेहनत घेण्यात आली. लोकांनी थट्टा केली. त्यांनी ती आनंदाने सोसली. २००७ मध्ये तर त्यांनी आपले राहते घर पाडून शौचकुंडाच्या आकाराचे नवे घर बांधले. त्यांच्या मृत्यूनंतर कुटुंबीयांनी ते शहरास दिले आणि २०१० पासून हेऊजे या नावाने तेथे शौचालयांचे वस्तुसंग्रहालय चालते. ग्रामपंचायतीच्या सभासदाने सुवॉनला जाऊन तट पाहावा आणि हे घर न पाहता परतावे, हे बरे नव्हे.

वाड्याचे काम मात्र पुढे चालू राहिले. ऊह्वा-ग्वान या अतिथिगृहाची जागा शाळेच्या ताब्यात होती. ही शाळा १८९६ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे तीही आता इतिहासच. एक जुनी वास्तू उभी करण्यासाठी शतकाहून जुनी शाळा हलवावी काय, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. ज्या अंगणात पिढ्यान् पिढ्या मुले खेळली, ते अंगणही गावाच्या आठवणीचा भाग असते. अखेर शाळा नव्या वस्तीत गेली. जागा मोकळी झाल्यावर उत्खनन झाले, जोती सापडली, उईग्वेतील चित्रांशी ती ताडून पाहिली गेली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये, चळवळ सुरू झाल्यापासून पस्तीस वर्षांनी, ऊह्वा-ग्वान लोकांस खुले झाले.

ते पाहून उत्तरेच्या अंगास वळले की नांगनाम-होन येते. साऱ्या वाड्यात पडझडीतून वाचलेली वास्तू ही एवढीच. बाकी खांब, तुळया, कौले नवी आहेत आणि रंगही ताजे आहेत. येथील खांब मात्र त्या पंगतीच्या वेळचे आहेत.